मिस्सेत बायकोला नमस्कार

रविवारच्या मिस्सेत ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ संपतं, वेदीवरून फादर एकमेकांना शांती द्यायला सांगतात, आणि त्यापुढचा अर्धा मिनिट संसारी पुरुषाकडे नीट बघावं. तो आधी उजवीकडच्या गृहस्थांना हात जोडतो. मग पुढच्या बाकावरचे लोक मागे वळलेले असतात, त्यांना. मग स्वतः कमरेतून वळून मागच्या आजींना वाकून नमस्कार, पेटीवाल्याला नुसती मान, आणि पार तिकडे चार बाकं सोडून बसलेल्या सोसायटीच्या चेअरमनना हात पार कपाळाच्या वर नेऊन. एवढी शांती वाटून झाली की तो पुन्हा समोर तोंड करून उभा राहतो. या सगळ्या फेरीत एकच व्यक्ती सुटलेली असते, आणि ती इतकी जवळ असते की तिचा पदर त्याच्या कोपराला लागत असतो. तिनेही तेवढ्या वेळात सिस्टरना, शेजारच्या नर्सबाईंना आणि सासूच्या मैत्रिणीला उरकलेलं असतं. नवऱ्याकडे मान वळवायची वेळ येते तेव्हाच नेमकी तिला धाकट्याच्या शर्टाची वरची गुंडी उघडी दिसते. तो धाकटा दोघांच्या मध्ये उभा असतो, बांधावरच्या दगडासारखा. बाप त्याच्या केसांतून हात फिरवतो, आई कॉलर सारखी करते, आणि दोघांचीही शांती त्या पोराच्या अंगावर जमा होते.

चर्चमध्ये नवरा-बायकोनं किती जवळीक दाखवावी, हा प्रश्न जगभरचे कॅथलिक मोठ्या चवीनं चघळतात. पण त्यांची तक्रार बरोबर उलटी आहे. तिकडे प्रवचन चालू असताना नवऱ्याचा हात बायकोच्या खांद्यावर जातो, खांद्यावरून पाठीवर उतरतो आणि तिथे गोल गोल फिरत राहतो. मागच्या माणसाचं चित्त प्रवचनातून उठतं आणि त्या हाताच्या फेऱ्या मोजत बसतं. अमेरिकेत तर प्रभूची प्रार्थना म्हणताना हातात हात धरायची पद्धत मिस्साग्रंथात कुठेही सूचना नसताना पसरली, आणि ती बरी की वाईट यावर तिथले लोक गेली कित्येक वर्षं हमरीतुमरीवर येतात. साताऱ्यात किंवा सांगलीत अशी तक्रार ऐकायला मिळणार नाही. कुणी केलीच, तर पुढच्या रविवारी ते जोडपं बघायला गर्दी होईल. इथला आजार निराळा आहे. इथे नवरा-बायको मिस्सेत एकमेकांना ओळखच दाखवत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे, की खांद्यावरचा हात नसला तरी चालेल, पण शांतीचा तो एक नमस्कार बायकोला (आणि नवऱ्याला) मिळालाच पाहिजे. तो टाळण्यात सभ्यपणा वगैरे काही नाही, ती निव्वळ पळवाट आहे.

आधी हे लोक कोण, ते सांगायला हवं. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात येतात. दोन्हीकडे सगळे ख्रिस्ती एकत्र केले तरी शेकड्यात एक भरत नाही. त्यातही ख्रिस्ती म्हटलं की लोकांना आधी मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल आठवतं, म्हणजे प्रॉटेस्टंट मिशन. कॅथलिक त्याहूनही तुरळक: कुणी गोव्याचे, कुणी मंगळूरचे, कुणी नगरकडून आलेले मराठी, कुणी रेल्वेमुळे मिरजेला स्थिरावलेले, शाळा-दवाखान्यांतल्या केरळच्या सिस्टर. मुंबईत वांद्र्याच्या चर्चमध्ये कोण कुणाशेजारी बसलंय याचा पत्ता लागू न देता मिस्सा पार पडते. इथे मिस्सेला आलेल्या प्रत्येकाची कुंडली प्रत्येकाला पाठ. नवं जोडपं पहिले चार रविवार खांद्याला खांदा लावून बसतं. पाचव्या रविवारी मध्ये वीतभर अंतर पडलं, की मागच्या बाकावरच्या मावश्या एकमेकींकडे बघतात. रोमहून आलेली परिपत्रकं सगळ्यांनी वाचलेली नसतात, पण मावश्यांची नजर सगळ्यांनी वाचलेली असते. अशा ठिकाणी बायकोच्या पाठीवर हात फिरवायचं धाडस कोण करणार? आणि करू नये हेही बरोबरच. मिस्सेत डोळे वेदीकडे असावेत. दोघांचं प्रेम मागच्या चार जणांना प्रेक्षक बनवत असेल, तर ते घरी न्यावं. इथवर मावश्यांशी माझं भांडण नाही.

गंमत अशी, की मुळात हा सगळा प्रकार चुंबनाचा होता. संत पौलानं आपल्या पत्रांत रोमकरांना, करिंथकरांना, थेस्सलनीकाकरांना पवित्र चुंबनानं एकमेकांना अभिवादन करायला सांगितलं, आणि पहिल्या मंडळींनी ते अक्षरशः घेतलं. त्यानंतरची जवळजवळ दोन हजार वर्षं चर्चनं तो उत्साह आवरण्यात घालवली. दुसऱ्या शतकात अथेनागोरस या ख्रिस्ती लेखकाला बजावावं लागलं, की बरं वाटलं म्हणून दुसऱ्यांदा घेतलेलं चुंबन पाप आहे. म्हणजे दुसऱ्यांदा घेणारे निघाले होते, हे उघड आहे. इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटनं तक्रार केली, की काही लोकांच्या चुंबनांनी चर्च दुमदुमतं, पण मनात प्रेमाचा पत्ता नसतो. त्याच सुमारास तिकडे कार्थेजमध्ये तर्तुल्लियन ख्रिस्ती बायकांना समजावत होता, की बाई, अख्रिस्ती नवरा करू नकोस. तू मंडळीतल्या भावांना चुंबन देणार, ते कुठला नवरा चालवून घेईल? पुढे नियम झाला, की पुरुषांनी पुरुषांना आणि बायकांनी बायकांना द्यावं. मग तेराव्या शतकापासून युरोपात एक छोटी नक्षीदार पाटी आली. सगळ्यांनी एकमेकांऐवजी त्या पाटीचं चुंबन घ्यायचं. शांतीसाठी काढलेल्या त्या पाटीवर आधी ओठ कुणाचे लागावेत, यावरून गावच्या प्रतिष्ठितांत भांडणं होऊ लागली. शेवटी सामान्य लोकांपुरता हा विधी जवळपास विरूनच गेला आणि वेदीवरच्या धर्मगुरूंपुरता उरला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ च्या नव्या मिस्साविधीत, तो बाकांवर परत आला.

तो भारतात कसा यावा, हा प्रश्न त्याच वर्षी सुटला. एप्रिल १९६९ मध्ये रोमनं भारतातल्या बिशपांची बारा कलमं मंजूर केली: जमिनीवर बसायला, पादत्राणं काढायला, मेणबत्त्यांऐवजी समया लावायला, आरती ओवाळायला परवानगी. त्यातलंच एक कलम शांतीच्या चुंबनाचं. चुंबनाऐवजी हात जोडून नमस्कार करावा, किंवा देणाऱ्यानं आपले हात घेणाऱ्याच्या हातात ठेवावेत. हे दुसरं अर्धं वाक्य पुन्हा वाचण्यासारखं आहे. अधिकृत परवानगीनं, ऐन मिस्सेत, बायकोच्या हातात हात द्यायची मुभा पन्नासहून अधिक वर्षं पडून आहे, आणि आमच्या भागात तिचा लाभ घेणारा पुरुष दिसत नाही. सरकारी योजना असती तर एव्हाना निधी परत गेला असता.

तेव्हा या बारा कलमांवर काही लोक म्हणाले, आणि अजून म्हणतात, की हे चर्चचं हिंदूकरण आहे. मोठ्या शहरांतल्या इंग्रजी मिस्सांत हा वाद बराच तापला. साताऱ्याच्या माणसाला तो कळणं अवघड आहे. तो कलेक्टर कचेरीतल्या शिपायाला, एसटीच्या कंडक्टरला, मतं मागायला आलेल्या उमेदवाराला आणि मतं न देता परत पाठवलेल्या उमेदवारालाही नमस्कार करतो. तो हात जोडतो तेव्हा कुठल्या धर्माचा हिशेब डोक्यात नसतो. नमस्कार कुणाचा, यावर भांडत बसण्यापेक्षा तो बायकोपर्यंत का पोचत नाही हे शोधणं जास्त उपयोगाचं.

कुणी म्हणेल, आमच्याकडे नवरा-बायकोनं चारचौघांत एकमेकांना शिवायचं नाही हीच रीत, त्यात चर्चचा काय दोष. ही रीत आहे असं आपण समजतो, पण पुरावा उलट बोलतो. शेजारच्या वाड्यात सत्यनारायण असला, की गुरुजी मध्येच बाईंना म्हणतात, ‘यजमानांच्या हाताला हात लावा’, आणि बाई अख्ख्या आळीसमोर नवऱ्याच्या हाताला हात लावून बसतात. कुणी खोकत नाही. जेजुरीला नवरदेव नव्या नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढतो. धापा टाकतो, पण लाजत नाही, आणि खाली सगळं वऱ्हाड येळकोट करत असतं. उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचा आग्रह तर सासूच करते, आणि तो आमच्या ख्रिस्ती लग्नांतही होतो. कॅथलिक विवाहविधीच्या पुस्तकात नवऱ्या मुलीच्या चुंबनाची सूचनाच नाही, ते सिनेमानं शिकवलं; पण हॉलवर फोटोग्राफरनं ‘सर, मॅडमच्या कपाळावर’ असं फर्मावलं, की साताऱ्याचा सर निमूटपणे ऐकतो. कासच्या पठारावर आणि महाबळेश्वरात लग्नाआधीच्या फोटोंसाठी हीच पोरं तासन्‌तास मिठीत उभी असतात, कारण कॅमेरावाला ‘होल्ड’ म्हणालेला असतो. (महाबळेश्वरचं होली क्रॉस चर्च १८३१ चं. मधुचंद्राला आलेल्या जोडप्यांच्या इतक्या पिढ्या ज्याच्या दारावरून गेल्या असतील, असं दुसरं चर्च महाराष्ट्रात शोधावं लागेल.) म्हणजे आमच्या माणसाला स्पर्शाचं वावडं नाही. कुणीतरी जबाबदार व्यक्तीनं मोठ्यानं ‘आता करा’ म्हटलं, की तो करतो. आणि मिस्सेत तर फादर माइकवरून सांगतात.

तरी होत नाही, याचं कारण स्पर्शात नसून नमस्कारात आहे. घरात हात जोडण्याचा एक ठरलेला अर्थ आहे. ‘बाई, हात जोडतो तुझ्यापुढे’ हे वाक्य नवरा म्हणतो तेव्हा चर्चा संपलेली असते, विषय भाजीचा असो नाही तर मेहुण्याच्या उसन्या पैशांचा. बायको हात जोडते तेव्हा तर कोपरापासून जोडते, आणि त्यानंतर दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज येतो. ज्या हातांनी शनिवारी रात्री हे केलं, त्याच हातांनी रविवारी सकाळी शांती द्यायची म्हणजे दोघांनाही हसू फुटायची भीती, किंवा रडू. शिवाय नमस्काराला नजरेला नजर द्यावी लागते. मिठीत डोळे मिटता येतात, पाठीवरचा हात तर समोर बघत बघतही फिरवता येतो. नमस्कार मात्र बघितल्याशिवाय होत नाही. परक्याला नमस्कार करणं सोपं, कारण त्याला आपलं काही माहीत नसतं. समोरच्या या एका बाईला सगळं माहीत असतं.

आणि नेमकं तिच्याशीच वाजलेलं असतं. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, की वेदीपाशी दान आणलं आणि आठवलं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. रविवारी सकाळी आठच्या मिस्सेला आलेल्या गृहस्थाविषयी कुणाच्या मनात काही असण्याची सगळ्यात जास्त शक्यता आहे? चेअरमनच्या नाही. जिनं पोरांना उठवलं, आंघोळी घातल्या, डबा झाकला, स्वतःच्या साडीच्या निऱ्या जेमतेम खोचल्या, आणि तेवढ्यात खाली स्कूटरचा हॉर्न तीनदा वाजला, तिच्या. हॉर्न वाजवणारा मग चर्चमध्ये येऊन सगळ्या गावाला शांती देतो. २००४ मध्ये रोमनं काढलेल्या सूचनेत स्पष्ट म्हटलं आहे, की शांतीचं अभिवादन अगदी शेजारच्यांपुरतं, साधेपणानं करावं. आणि २०१४ च्या परिपत्रकानं जागा सोडून फिरायला, त्या वेळात अभिनंदन किंवा सांत्वन उरकायलाही मनाई केली. म्हणजे नियमाप्रमाणे बायको आधी येते, आणि चार बाकांपलीकडचे चेअरमन नियमात बसतच नाहीत.

यावर दोन आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की मनात राग असताना हात जोडणं हा ढोंगीपणा, त्यापेक्षा न केलेलं बरं. हे ऐकायला प्रामाणिक वाटतं. पण मग परक्यांना केलेल्या दहा नमस्कारांचं काय? त्यांच्याविषयी तरी मनात कुठे शांतीचा पूर आलेला असतो? ते आपण शिष्टाचार म्हणून खपवतो आणि प्रामाणिकपणाची कसोटी फक्त बायकोच्या वाट्याला ठेवतो. समेट पूर्ण झाल्याचा दाखला म्हणून हा नमस्कार ठेवलेला नाही. समेटाला तयार आहोत एवढंच तो सांगतो. भाजीचा आणि मेहुण्याचा विषय दुपारच्या जेवणानंतर पुन्हा काढायला कुणाचीच मनाई नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूनं येतो, आणि तो जास्त वजनदार आहे. विवाह हा कॅथलिकांत संस्कार आहे, आणि लॅटिन परंपरेत तो फादर देत नाहीत, ते साक्षीला असतात. वधू-वर स्वतःच एकमेकांना देतात. मग ज्यांनी वेदीसमोर एकमेकांचे हात धरून हा संस्कार दिला, त्यांनी त्याच वेदीसमोर खांद्यावर हात ठेवला तर देवाचं काय बिघडलं? देवाचं काहीच बिघडत नाही. खरं तर एक स्पर्श आमच्याकडेही बिनबोभाट चालतो. गुडघे टेकून झाल्यावर म्हातारे गृहस्थ बाकाला धरून उठायला लागतात, आणि बायको समोर बघतच त्यांच्या दंडाखाली हात घालते. मावश्याही त्याला काही म्हणत नाहीत, कारण त्यांचेही गुडघे त्याच वयाचे. तो हात कामाचा असतो, कुणाला दाखवायचा नसतो. पाठीवर फिरणाऱ्या हाताचं तसं नाही. तो एकट्या बायकोसाठी असता तर त्याला घरचा सोफा पुरला असता. शांतीचा नमस्कार मात्र विधीतच आहे. तो दोघं करतात त्याच क्षणी सगळेच करत असतात, त्यामुळे बघायला कुणी मोकळा नसतो. चारचौघांत बायकोकडे मायेनं बघायला याहून आडोशाची जागा मिळायची नाही. २०२० मध्ये करोनाच्या धाकानं सगळं जग हस्तांदोलन सोडून नमस्कार करायला लागलं, तेव्हाही आम्हाला नवीन काही शिकावं लागलं नाही. शेजारी वळायचं तेवढं राहिलं ते राहिलंच.

आता जिथे शेजारी वळायची सोयच नाही त्या ठिकाणांविषयी. आमच्याकडे लहान गावांतल्या कित्येक प्रार्थनास्थळांत, कॅथलिक काय नि प्रॉटेस्टंट काय, अजून पुरुष एका बाजूच्या सतरंजीवर आणि बाया दुसऱ्या बाजूच्या. मध्ये वाट. नवरा-बायकोचा सगळा व्यवहार त्या वाटेवरून डोळ्यांनी चालतो: किल्ली कुणाकडे आहे, पोरगं रडतंय ते बाहेर ने, दानपेटीत टाकायची नोट शंभराची नको पन्नासाची काढ. एवढं सगळं पलीकडे पोचतं, तर नमस्कारही पोचेल. पण नजर चुकवायला तिथे फारच वाव आहे. तेव्हा धर्मग्रामाच्या समित्यांना विनंती आहे, की मोठ्या सणांना तरी घरचं माणूस घरच्या माणसाशेजारी बसू द्यावं. स्त्रियांनी पुरुषांपासून वेगळं बसावं अशी इच्छा १९१७ च्या धर्मसंहितेत होती. १९८३ च्या संहितेत ते कलम नाही. सतरंज्या जवळ ओढायला पुण्याच्या बिशपांची परवानगी लागत नाही.